त्साइडलर : झाडावर चढून मध काढणाऱ्यांचं आडनाव

आजचा भाग म्हणजे एका चुकीची दुरुस्ती आहे. चूक माझीच, आणि ती मी ऑफिसच्या कॉलवर बारा लोकांसमोर अगदी आत्मविश्वासाने केली होती.

आमच्या टीमचे काही लोक न्यूरेंबर्गला बसतात. मी जर्मनच्या दोन लेव्हल केल्या आहेत, आणि नवशिक्याला असते तशी मला एक खोड लागली आहे. समोर आलेल्या प्रत्येक जर्मन आडनावाचं मी मनात भाषांतर करतो. श्नायडर म्हणजे शिंपी. वेबर म्हणजे विणकर. फिशर म्हणजे कोळी. म्युलर म्हणजे गिरणीवाला. हे म्युलर आपल्याला पुण्यात तर चांगलंच ओळखीचं, कारण जर्मन शिकायला आपण जातो ते मॅक्सम्युलर भवनातच. तर त्या कॉलवर एक नवीन टेस्टर आला, साधारण पन्नाशीचा माणूस, आडनाव त्साइडलर. सगळे जॉइन होईपर्यंत दोन मिनिटं गप्पा चालू होत्या. मी म्हणालो, 'तुमच्याकडे पूर्वी रेशमाचा व्यापार असणार!' कारण जर्मनमध्ये झायडे म्हणजे रेशीम. तो हसला आणि म्हणाला, 'नाही, मध. आमचे पूर्वज झाडावर चढायचे.' मग कॉल सुरू झाला आणि विषय तिथेच राहिला.

पण माझ्या डोक्यातून तो गेला नाही. मध काढणाऱ्यासाठी जर्मनमध्ये शब्द आहे इम्कर, तो मला पुस्तकात भेटला होता. मग हा त्साइडलर कोण? आणि म्युलर पावलोपावली भेटतात, तर त्साइडलर मला इतक्या वर्षांत एकच का भेटला? पुढचे दोन-तीन महिने मी फावल्या वेळात हेच वाचत होतो. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी शब्द. जुन्या जर्मनमध्ये त्सीडल हा शब्दभाग मधाशी जोडलेला होता. तो मुळात कुठून आला यावर भाषातज्ज्ञांचं एकमत नाही. त्यावरून क्रियापद झालं त्साइडेल्न, म्हणजे पोळं कापून मध काढणं, आपण मोहोळ झाडणं म्हणतो ते. आणि ते काम करणारा तो त्सीडेलेरे. पुढे दक्षिणेकडच्या जर्मनमध्ये लांब 'ई'चा 'आइ' झाला. 'मीन'चं 'माइन' झालं, 'त्सीट'चं 'त्साइट' झालं, तसाच हा त्सीडेलेरे झाला त्साइडलर. बव्हेरियाच्या बाजूला याचं त्साइटलर असंही रूप आहे. त्साइट म्हणजे वेळ, त्यामुळे माझ्यासारखा अर्धवट शिकलेला माणूस त्याचं भाषांतर 'वेळवाला' किंवा फार तर 'घड्याळजी' असं करून मोकळा होईल. म्हणजे एकाच आडनावात मी रेशमातही फसलो असतो आणि घड्याळातही. रेगेन्सबुर्गजवळ त्साइटलार्न नावाचं गाव आहे, तेही याच मध काढणाऱ्यांच्या नावावरून पडलेलं.

आता काम काय होतं ते बघू, कारण आजच्या मधपाळापेक्षा ते फारच वेगळं होतं.

मधमाश्या पाळायच्या म्हणजे पेट्या, आणि पेट्या म्हणजे घराजवळ किंवा शेतात, असं आपल्या डोळ्यांसमोर येतं. त्साइडलरकडे पेटी नव्हती. त्याच्याकडे जंगल होतं. युरोपातली मधमाशी आपल्या सातेरीसारखीच ढोलीत राहते, उघड्यावर फांदीला लटकत नाही. हा माणूस जुनं, जाड खोडाचं झाड निवडायचा, दोराच्या आधाराने पाच-सहा मीटर वर चढायचा आणि तिथे कुऱ्हाड-छिन्नीने खोडात पोकळी कोरायचा. म्हणजे हाताने केलेली ढोली. तिला म्हणतात बॉइटे. तोंडावर फळी बसवायची आणि माश्यांना ये-जा करायला भोक ठेवायचं. मग वाट बघायची. एखादा थवा येऊन राहिला तर तुमचं नशीब. वाऱ्याने झाड मोडू नये म्हणून कधीकधी शेंडा छाटून टाकत. आणि एक झाड म्हणजे धंदा नव्हे. जंगलभर पसरलेली अशी कितीतरी झाडं सांभाळायची, त्यांच्यावर आपली खूण कोरायची, त्यांच्यामध्ये मैलोन् मैल चालायचं.

मध काढताना सगळी पोळी कापायची नाहीत. हिवाळ्यात बर्फ पडतं, फुलं नसतात, तेव्हा माश्यांना खायला ठेवावं लागतं. लोभ केला तर पुढच्या वर्षी ढोली रिकामी. जंगलात अस्वलंही होती, आणि अस्वलाला फळी काढायला वेळ लागत नाही. त्यावरचा एक उपाय मला फार आवडला. ढोलीच्या तोंडासमोर दोराने एक जड ओंडका लटकवायचा. अस्वल येतं, ओंडका बाजूला ढकलतं, तो झोका घेऊन परत येतो आणि अस्वलालाच बसतो. अस्वल चिडून आणखी जोरात ढकलतं, तो आणखी जोरात परत येतो. बिनविजेची सिक्युरिटी सिस्टीम!

हे सगळे कष्ट फक्त मधासाठी नव्हते. मध हवाच होता, कारण तेव्हा उसाची साखर म्हणजे दूरदेशाहून येणारी महाग चैन, सामान्य माणसाचं गोड म्हणजे मध. पण त्याच्याइतकंच मोल मेणाला होतं. चर्चमधल्या मेणबत्त्या मधमाशीच्या मेणाच्या लागत, आणि चर्च तर गावोगाव. मध्ययुगात मेणाची मागणी केवढी असेल याचा अंदाज करा.

इथून गोष्ट न्यूरेंबर्गला येते. या शहराच्या भोवती राइख्सवाल्ड नावाचं मोठं जंगल आहे, नावाचा अर्थ साम्राज्याचं जंगल. ते थेट राजसत्तेच्या मालकीचं होतं. तिथे त्साइडलर इतके होते की त्या जंगलाला साम्राज्याची मधमाश्यांची बाग म्हणत. १३५० मध्ये राजा चौथा कार्ल, जो पुढे १३५५ मध्ये सम्राट झाला, त्याने या त्साइडलरांना एक सनद दिली. ही सनद वाचल्यावर मला त्या टेस्टरच्या आडनावाकडे वेगळ्या नजरेने बघावं लागलं. कारण मी समजत होतो की हा बिचारा रानावनात फिरणारा गरीब मध काढणारा. सनदेतला माणूस तसा नाही. त्याला साम्राज्याच्या शहरांत जकात माफ होती. त्याला क्रॉसबो बाळगायची परवानगी होती, म्हणजे घोडा दाबून बाण सोडायचं ते आडवं धनुष्य. साध्या शेतकऱ्याला शस्त्राचा असा मान सहजी मिळत नसे. त्याचे खटले शहराच्या न्यायालयात जात नसत. न्यूरेंबर्गजवळच्या फॉइश्त या गावी त्साइडलरांचं स्वतःचं न्यायालय भरायचं, तिथे त्यांचेच लोक न्यायाला बसत. त्या बदल्यात त्यांनी मधाचा कर द्यायचा, जंगलावर नजर ठेवायची, आणि राजा त्या मुलखात आला की क्रॉसबो घेऊन त्याच्यासोबत चालायचं.

हक्क वंशपरंपरेने जमिनीच्या तुकड्याशी बांधलेला. बदल्यात चाकरी. मंडळी, याला आपल्याकडे शब्द आहे, आणि तो जर्मनपेक्षा आपल्याला पटकन कळतो : वतन. त्साइडलर हा वतनदार होता. मला हा शब्द सुचला तेव्हा 'एवढे कमी का' या प्रश्नाचंही अर्धं उत्तर मिळालं.

उरलेलं अर्धं उत्तर म्युलरकडे आहे.

आज जर्मनीत सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव म्युलर. त्याच्यामागे श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर, वेबर. ही यादी बघून कोणालाही वाटेल की मध्ययुगात जर्मनीत गिरणीवालेच सगळ्यात जास्त होते. मलाही वाटलं होतं. पण तसं कसं असेल? शेतकरी सगळ्यात जास्त होते, दहातले आठ-नऊ लोक शेतीच करत असणार. तरी बाउअर, म्हणजे शेतकरी, हे आडनाव म्युलरच्या मागेच आहे.

कारण आडनाव ही शिरगणती नाही. जर्मनीत आडनावं साधारण बाराव्या शतकापासून शहरांत वापरात यायला लागली आणि पुढच्या तीन-चारशे वर्षांत ती हळूहळू पक्की झाली. उत्तरेकडच्या फ्रिझियन किनाऱ्यावर तर नेपोलियनच्या हुकमाने १८११ मध्ये ती घ्यायला लागली. आडनावांची गरज का पडली? तर एकाच गावात पाच हान्स आहेत, कोणता हान्स ते कळायला हवं. आता 'शेतकरी हान्स' म्हणून काय कळणार, पाचही शेतकरीच. पण 'गिरणीवाला हान्स' म्हटलं की बोट थेट एका घरावर जातं. गिरणी गावात एक, किंवा दोन-तीन गावांत मिळून एक. आणि ती जवळजवळ सगळ्या मुलखात होती. प्रत्येक ठिकाणी एकच, पण ठिकाणं हजारो. असं गणित जमलं की आडनाव पसरतं.

तुम्हाला हे कुलकर्ण्यांवरून लगेच समजेल. गावात कुलकर्णी एक, पण गावं किती! म्हणून कुलकर्णी महाराष्ट्रभर. देशपांडे परगण्याला, म्हणजे बऱ्याच गावांना मिळून, त्यामुळे ते तुलनेने कमी. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेलं, आडनाव राहिलं. आमच्या डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेस बंद झाली, पण टेबलमधला कॉलम कोणी काढला नाही.

त्साइडलरचं गणित उलटं होतं. हा धंदा प्रत्येक गावात नव्हता. मोठं जुनं जंगल हवं, आणि त्या जंगलाचा मालक हक्क द्यायला तयार हवा. म्हणजे न्यूरेंबर्गचा परिसर, फिश्टेलगेबिर्गे, बव्हेरियाचे काही भाग, पूर्वेला सॅक्सनी, लाउझित्स आणि सायलेशिया. बस. जिथे हे लोक होते तिथे गावाचं गाव त्यांचंच असे. आता पाच हान्सांचा प्रश्न परत घ्या. ज्या गावात सगळेच मध काढतात तिथे 'त्साइडलर हान्स' म्हणून काही उपयोग नाही. माझा अंदाज असा की हे नाव चिकटलं ते बहुतेक गाव सोडून गेलेल्यांना. शहरात कामाला आला, दुसऱ्या गावी लग्न करून गेला, तिथे तो एकटाच 'तो मधवाला'. हा माझा तर्क आहे, पण आडनावं कशी पडतात त्याच्याशी तो जुळतो.

शब्दांची वाटणी हाही एक भाग आहे. गिरणीवाल्याला जवळपास सगळीकडे म्युलर किंवा त्याचंच भावंडं शोभेल असं रूप होतं. खाटकाला मात्र दक्षिणेत मेत्सगर, पूर्वेकडे फ्लायशर, उत्तरेत श्लाख्टर आणि क्नोखनहाउअर म्हणजे चक्क हाडं तोडणारा. धंदा एकच, पण आडनावं चार ठिकाणी वाटली गेल्यामुळे प्रत्येक लहान राहिलं. कुंभाराचंही तसंच : ट्योप्फर, हाफनर, ऑयलर. हो, गणितातला ऑयलर. त्या आडनावात मडकी घडवणारा बसलेला आहे हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मधवाल्यांमध्येही त्साइडलर आणि त्साइटलर हे दोन, शिवाय त्या कोरलेल्या ढोलीवरून बॉइटनर, माशीवरून बीनर. आणि इम्कर? तो शब्द उत्तरेकडचा. माश्या टोपल्यांत पाळायचे त्या मुलखातला, त्यातलं 'इमे' म्हणजे माशी. तो सगळ्या जर्मनीचा शब्द झाला तोपर्यंत आडनावांची दारं केव्हाच बंद झाली होती. म्हणून आज जर्मनीत इम्कर भरपूर आहेत, पण इम्कर आडनावाचा माणूस क्वचित. आणि त्साइडलर आडनावाची माणसं आहेत, पण त्साइडलरकी करणारं जवळजवळ कोणी नाही.

तो धंदा कसा गेला तेही थोडं सांगतो. एका दिवसात गेला नाही आणि एका कारणाने गेला नाही.

पहिला घाव जंगलावर पडला. न्यूरेंबर्ग हे धातुकामाचं शहर. भट्ट्यांना कोळसा, घरांना लाकूड, सगळं त्याच राइख्सवाल्डमधून. चौदाव्या शतकातच तिथे इतकी तोड झाली होती की १३६८ मध्ये पेटर श्ट्रोमर नावाच्या व्यापाऱ्याने तिथे पाइनचं बी पेरून जंगल उगवायचा प्रयोग केला. तो यशस्वी झाला, आणि झाडं पेरून वन उभं करण्याची सुरुवात म्हणून आजही त्याचं नाव घेतात. चांगलंच काम केलं त्याने. पण त्साइडलरच्या बाजूने बघा. त्याला शे-दोनशे वर्षांचं जाड खोड लागतं. पेरलेलं झाड लाकडासाठी वाढवायचं आणि वेळेवर तोडायचं असतं. पुढे वनखातं ही गोष्ट आली तेव्हा चांगल्या खोडात खड्डा कोरणारा माणूस जंगलाचा रखवालदार राहिला नाही, तो लाकडाचं नुकसान करणारा ठरला. ज्याच्या सनदेत जंगल राखायचं काम लिहिलं होतं त्याचं हे असं झालं, हे मला वाचताना लागलं.

दुसरा घाव मेणावर. न्यूरेंबर्गने १५२५ मध्ये मार्टिन ल्यूथरचा पंथ स्वीकारला. नव्या पंथाच्या चर्चमध्ये मेणबत्त्यांचा खर्च पूर्वीसारखा राहिला नाही. मग १६१८ ते १६४८ चं तीस वर्षांचं युद्ध, त्यात तो मुलूख पार उद्ध्वस्त झाला. आणि मग साखर. आधी वसाहतींतून उसाची. १७४७ मध्ये बर्लिनच्या आंद्रेआस मार्कग्राफने बीटात तीच साखर असल्याचं दाखवलं, आणि त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१-०२ च्या सुमाराला सायलेशियात बीटसाखरेचा पहिला कारखाना काढला. सायलेशिया म्हणजे जिथे त्साइडलर होते त्याच भागात. दरम्यान माश्या घराजवळच्या टोपल्यांत आणि ओंडक्यांत पाळणं सोपं आहे हे लोकांना कळलंच होतं. झाडावर चढायला कोण जाणार? फॉइश्तचं न्यायालयही अठराव्या शतकाबरोबर संपलं.

आता तिथे त्साइडलरांचं एक संग्रहालय आहे. गंमत म्हणजे त्याच छोट्या गावात रॉकेटशास्त्रातले आद्य संशोधक हेरमान ओबर्ट यांचंही संग्रहालय आहे. वर जायची आवड त्या गावाला जुनीच दिसते. आणि न्यूरेंबर्गचे लेबकूखन, ते मध-मसाल्याचे केक जे नाताळात आमच्या ऑफिसात डब्यातून येतात, तेही याच जंगलाच्या मधावर मोठे झाले. शहरात मसाल्यांचा व्यापार आणि वेशीबाहेर मध, मग आणखी काय पाहिजे. मी ते गेली चार वर्षं खातोय, आणि डब्यावरच्या मधमाशीच्या चित्राकडे कधी नीट बघितलंही नव्हतं.

झाडावरची मधमाशीपालनाची परंपरा पूर्णपणे मेली नाही. रशियातल्या बाश्कोर्तोस्तानमध्ये ती चालू राहिली. पोलंड आणि बेलारूसने मिळून आपली परंपरा युनेस्कोच्या यादीत नोंदवली, २०२० मध्ये. पोलिश भाषेत या माणसाला बार्टनिक म्हणतात, आणि तेही आडनाव आहेच. जर्मनीतही अलीकडे काही हौशी लोक तिकडून शिकून परत खोडं कोरू लागले आहेत.

आता मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारी गोष्ट.

आडनाव शोधताना मी साहजिकच आधी 'प्रसिद्ध त्साइडलर' शोधले. फार नाहीत. एबरहार्ड त्साइडलर नावाचे एक वास्तुविशारद, टोरोंटोचं ईटन सेंटर त्यांचं. दुसरे एबरहार्ड त्साइडलर गणिती, लाइपत्सिगच्या मॅक्स प्लांक गणित संस्थेचे संस्थापक संचालक. ती संस्था १९९६ ची, आणि सुरुवातीच्या संचालकांमध्ये आणखी एक आडनाव आहे म्युलर. मी हसलो आणि पुढे गेलो.

मग सापडला ओथमार त्साइडलर. व्हिएन्नाचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी. १८७४ मध्ये तो श्ट्रासबुर्गला आडोल्फ फॉन बायर यांच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेटचं काम करत होता. त्याने काही संयुगं बनवली, त्यांचे गुणधर्म नोंदवले आणि पुढे गेला. त्यातल्या एका संयुगाचं लांबलचक नाव आपण तीन अक्षरांत घेतो : डीडीटी. हिवतापासाठी घराच्या भिंतींवर फवारायचं ते. ते कीटक मारतं हे त्साइडलरला माहीत नव्हतं, त्याने ते तपासलंच नव्हतं. पासष्ट वर्षांनी, १९३९ मध्ये, बाझेलच्या गायगी कंपनीतल्या एका स्विस रसायनशास्त्रज्ञाला तो गुण सापडला आणि १९४८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याचं नाव पाउल म्युलर.

म्हणजे पिढ्यान् पिढ्या माश्या राखणाऱ्यांचं आडनाव लावणाऱ्या माणसाने नकळत कीटकांचं विष बनवलं, आणि श्रेय गेलं सगळ्यात सामान्य आडनावाकडे! मधमाशीही कीटकच, डीडीटी तिला वेगळं ओळखत नाही. पुढे पर्यावरणाच्या नुकसानीमुळे शेतीतल्या त्याच्या वापरावर बऱ्याच देशांनी बंदी घातली. कथेत कोणी असं लिहिलं असतं तर मी म्हणालो असतो, जरा अती होतंय.

हे सगळं घेऊन मी त्या टेस्टरला पिंग केलं. आधी रेशमाबद्दल माफी मागितली. डीडीटीचं त्याला माहीत नव्हतं. त्याने स्वतःचं सांगितलं. त्याचं घराणं न्यूरेंबर्गचं नाहीच. आजोबा सायलेशियाचे. १९४५ नंतर तो भाग पोलंडला गेला आणि तिथल्या जर्मनांना निघावं लागलं. पूर्वेकडून असे सव्वा कोटीच्या आसपास जर्मन विस्थापित झाले. एका रांगेत राहणारी आडनावं देशभर फेकली गेली. आजोबा कामासाठी फ्रांकोनियात आले आणि योगायोगाने बरोबर त्याच जंगलाच्या काठावर स्थायिक झाले, जिथे त्यांच्या आडनावाला सहाशे वर्षांपूर्वी सनद मिळाली होती. शेजारी विचारायचे, 'तुम्ही इथलेच का?' आजोबा म्हणायचे, नाव इथलं आहे, मी नाही.

मग त्याने विचारलं, 'तुझ्या आडनावाचा अर्थ काय?'

माझं आडनाव सुतार. मी लिहिलं, त्सिमरमान. त्याने अंगठा पाठवला आणि विचारलं, 'मग तुला लाकूडकाम येतं का?' मी खरं ते सांगितलं : मला भिंतीत खिळा ठोकता येत नाही. माझे आजोबा गावचं बलुतं करायचे. नांगर, कुळव, बैलगाडीचं चाक, आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं. वडील नोकरीला लागले आणि हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. धंदा आमच्याकडेही गेलाच आहे.

पण एक फरक मी त्याला चॅटवर लिहिला नाही, इथे सांगतो. पुण्यात फ्लॅट शोधत होतो तेव्हा एका एजंटने फोनवर माझं पहिलं नाव ऐकून विचारलं होतं, 'पूर्ण नाव?' त्याला माझं पूर्ण नाव नको होतं, हे तुम्हाला सांगायला नको. त्याला आडनावातून जे वाचायचं होतं ते वाचून झाल्यावर तो म्हणाला, कळवतो. कळवलं नाही. म्हणजे कोणी 'तुझ्या आडनावाचा अर्थ काय' असं विचारलं की माझं मन आधी एक पाऊल मागे जातं. जर्मनीतही आडनावावरून माणसं वेचली गेली आहेत, ज्यू लोकांच्या बाबतीत तर किती भयंकर ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्साइडलर किंवा त्सिमरमान ऐकून आज तिथे कोणी आजोबा काय करत होते यावरून भाड्याचं घर नाकारत नाही. तो प्रश्न त्याने निव्वळ कुतूहलाने विचारला होता. हे कळायला मला दोन मिनिटं लागली आणि मग मी उत्तर टाइप केलं.

पुढच्या सोमवारी त्याने एक फोटो पाठवला. फॉइश्तच्या संग्रहालयातलं एक जुनं पाइनचं खोड, मधोमध कोरलेली ढोली, तोंडावर फळी. खाली त्याने लिहिलं होतं, 'सुतारकाम पाहून घे.' मी फोटो झूम करून पाहिला. छिन्नीचे घाव आडवे आहेत, तंतूंच्या विरुद्ध. वडिलांना दाखवला तर ते म्हणाले, 'दोरावर लटकून मारलेत ना, मग आडवेच पडणार.'

भेटू पुढच्या भागात.